एका शब्दाची जात

— नाही, बसा हो, उभं राहून काय होणार. शाळा सुटलीय, वर्ग रिकामाच आहे. द्या तो इंग्रजीचा पेपर. चौथा प्रश्न ना? अधोरेखित शब्दांच्या जाती ओळखा. दहा वाक्यं, दहा गुण, तुमच्या लेकीला नऊ. आणि त्या एका गुणासाठी रजा टाकून आलात — नाही, चुकलात असं नाही म्हणत मी, येतात पालक. तेहेतीस वर्षं येताहेत. मीही तेहेतीस वर्षं तेच सांगतेय — रेड विशेषण, स्लोली क्रियाविशेषण, अंडर शब्दयोगी अव्यय — घसा बसलाय आता, ऐकू येतंय ना?

तर हे बघा. शी वेंट होम. होमखाली रेघ आहे. तुमच्या लेकीनं लिहिलंय क्रियाविशेषण, उत्तरसूचीत आहे नाम. घर म्हणजे नाम, झालं. बाकी एकेचाळीस जणांनी नामच लिहिलंय, कारण मी तसंच शिकवलं. मग हिनंच वेगळं का लिहिलं? — विचारलंत घरी? काय म्हणाली? ‘कुठे गेली’ याचं उत्तर आहे म्हणून? असं म्हणाली?

थांबा जरा. पाणी पिते.

माझी भाची हेच म्हणाली होती. बहीण आजारी होती म्हणून वर्षभर माझ्याकडे राहिली, माझ्याच वर्गात. घरी मावशी म्हणायची, शाळेत बाई — एवढीशी पोर, पण कधी गल्लत केली नाही. तर ती भर वर्गात उभी राहिली. “बाई, कुठे गेली? तर घरी गेली. मग ते जाण्याबद्दल सांगतंय ना? नाम कसं?” पोरं हसली. तपासणीला मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसलेले, माझी नोकरी अजून कायम व्हायची होती — आणि मला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे — येतच नव्हतं. म्हटलं, शंभर वेळा लिहून काढ, होम इज अ नाउन. लिहिलं तिनं. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्यासमोर, मी भाजी चिरत होते. हात दुखला की झटकायची, पुन्हा लिहायची. रडली नाही. रडली असती तर मी थांबवलं असतं — असं आपलं मी म्हणते.

शब्दकोश? पाहिला ना. त्याच आठवड्यात. नामही आहे, पण अशा वाक्यात क्रियाविशेषण — स्वच्छ छापलेलं. मग काय केलं? मिटला आणि कपाटाच्या वर ठेवून दिला. खाली धूळ बसते म्हणून — छे, धूळ वरच जास्त बसते. तिचा हात पोचायचा नाही तिथे. आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षीही नामच शिकवलं. उत्तरसूचीत तेच असायचं, कोण वाद घालणार — आणि एकदा नाम म्हटलं की दरवर्षी म्हणावं लागतं हो, नाहीतर आधीचं सगळं निस्तरावं लागतं.

भाचीनं नंतर वर्गात हात वर केला नाही. बहीण बरी झाली, तशी पोर आईकडे परत गेली. आता दोन लेकरांची आई आहे. फोन केला की ‘हो’ म्हणते, ‘बरं’ म्हणते. मला अजून ‘बाई’च म्हणते. बहीण हसते, म्हणते, अगं, मावशी ना ती तुझी? मी सांगते, राहू दे, शाळेची सवय आहे.

सरकवा ते लाल पेन. हे घ्या, दहा. ही सही. उद्या सगळ्या वर्गाला सांगावं लागेल — नाही, कुणाचे गुण कापणार नाही, चूक त्यांची नाही. मुख्याध्यापक विचारतील, इतकी वर्षं काय शिकवत होता? विचारू देत. लेकीला तुम्ही काही सांगू नका. मीच सांगेन, वर्गात, ती उभी असताना नव्हे — मी उभी असताना.

काय म्हणालात? भाचीला कधी सांगितलं का —

या आता तुम्ही. अजून गठ्ठा तपासायचा राहिलाय माझा. आणि दार ओढून घ्या जाताना.