मोठा बी, छोटा बी

…आणि वर मलाच विचारतात, "अहो, आठने गुणायचं कसं विसरलात?" विसरलो नाही हो! झोपेतून उठवून विचारा, सांगेन की गुणायचं असतं. पण गुणायची वेळ आलीय हेच मला कळलं नाही, त्याला काय करू? वीस वर्षं नोकरी झाली माझी… लाज वाटते हो सांगायला. पण सांगतो.

मी हॉस्पिटलात कामाला आहे. डॉक्टर नाही! हे आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कुठल्याही कार्यात गेलो की कोणीतरी काका पायजमा वर करून मला गुडघा दाखवतात. मी तळमजल्यावर असतो, मशीनच्या खोलीत. एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, कोण कुठल्या बेडवर, कोण घरी गेलं, कोण… असो, ते पुढे येईलच. तर हे सगळं जिथे साठतं ती दोन कपाटं मी सांभाळतो. आणि आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, म्हणजे हॉस्पिटलच्या सर्वेसर्वा, एक दिवस खाली आल्या, छताकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "उद्या इथे पाणी शिरलं तर?" बाईंचा आवाज मुळात बारीक, त्यातून त्या हळू बोलल्या की समजायचं, आपलं काही खरं नाही.

मग ठरलं, की लांब दुसऱ्या गावात अशीच दोन कपाटं ठेवायची आणि इथे जे लिहिलं जाईल ते लगोलग तिकडे पाठवायचं. इथलं बुडालं तर तिकडच्यावर हॉस्पिटल चालेल. कागदोपत्री त्या जागेला 'आपत्ती पुनर्प्राप्ती केंद्र' म्हणतात. एका दमात म्हणून दाखवा! आम्ही नुसतं 'तिकडे' म्हणतो. तर इथून तिकडे माल न्यायला लाईन किती जाड लागेल, याचा अंदाज कोणी काढायचा? अस्मादिकांनी!

आणि तुम्हाला सांगतो, काम मी मन लावून केलं. आठवडाभर स्टूल टाकून बसलो, दर पंधरा मिनिटांनी स्क्रीनवरचा आकडा वहीत. माझं अक्षर चांगलं आहे हो, शाळेत बक्षीस होतं. सगळी वही मराठीत, सुवाच्य. सरासरी आली, सेकंदाला बारा एमबी. त्यात सुरक्षितता म्हणून पदरचे तीन घातले. पंधरा! खाली दोन रेघा मारल्या. मग लाईनवाल्या कंपनीला फोन लावला. तिकडून एक माणूस, नाकात बोलणारा, "किती एमबी हवं साएब?" म्हटलं, पंधरा एमबी. "पंध्रा? हॉस्पिटलला? नक्की?" मी म्हटलं, नक्की! वर त्याला ऐकवलंसुद्धा, की आम्ही आठवडाभर मोजून बोलतोय.

आता गंमत ऐका. स्क्रीनवर इंग्रजीत जो बी होता तो मोठा बी. मोठा बी म्हणजे बाईट. लाईनवाला बोलत होता तो छोटा बी, म्हणजे बिट. आठ बिट मिळून एक बाईट. इंग्रजीत लिहिलं असतं तर मोठा-छोटा दिसला असता. पण आपल्या लिपीत मोठा बी कुठला आणि छोटा बी कुठला? बी तो बी! जितकं सुंदर अक्षर काढलं तितकी सुंदर चूक झाली. शंभराच्या आसपास लागणार होते, मी घेतले पंधरा. शाळेचं बक्षीस परत करायची सोय असती तर करून आलो असतो.

लाईन सुरू झाली. हिरवा दिवा लागला. तो दिवा फक्त 'माल जातोय' एवढंच सांगतो, किती मागे पडलाय ते सांगत नाही. ते दुसऱ्या पानावर असतं. ते पान उघडलं का मी? …लाज वाटते हो सांगायला. मी भाषण करत होतो! बाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आणि मी छाती काढून म्हणालो, "इथे जे घडेल, ते त्याच क्षणी तिकडे घडेल."

एकोणीस दिवसांनी, गुरुवारी सकाळी, सराव ठेवला. तासभर सगळ्या खिडक्यांवर तिकडची नक्कल दाखवायची, जणू इथलं बुडालंय. अकरा वाजता मी कळ दाबली. आणि एकोणीस दिवसांत तिकडे माल पोचला होता तीनच दिवसांचा! म्हणजे अख्खं हॉस्पिटल सोळा दिवस मागे. एक गृहस्थ टाके दाखवत होते आणि कारकून त्यांना सांगत होता, उद्या ऑपरेशन आहे, उपाशी या. एक बाई तान्हं बाळ घेऊन उभी, तर हा म्हणतो, "ताई, बाळ दिसत नाहीये." ती म्हणाली, "मग हे काय, पिशवी आहे?" आणि मी… मी हसलो हो. चूक माझी आणि हसतोय मीच!

मग तीन नंबरच्या खिडकीवर एक मावशी आल्या. साठी उलटलेली, हातात कापडी पिशवी. यजमान दहा दिवसांपूर्वी आमच्याकडेच गेले होते, मृत्यूचा दाखला हवा होता. कारकून नवा. त्याने नाव टाकलं, स्क्रीन बघितली आणि हसून म्हणाला, "आजोबा ना? चौथा मजला, बेड चौदा. तब्येत सुधारतेय."

मावशी वळल्या. लिफ्टची वाटही बघितली नाही, जिन्याने निघाल्या.

मी मागे धावलो. चार मजले! माझं वजन तुम्ही बघताय. वर पोचलो तर बेड चौदावर एक कॉलेजातला पोरगा, पाय प्लास्टरात, आणि मावशी त्याच्या पायथ्याशी उभ्या. मला धाप लागलेली. त्याच म्हणाल्या, "मला माहीत होतं हो. तरी म्हटलं, बघून यावं."

बाहेरच्या बाकावर बसवलं त्यांना. म्हटलं, मावशी, कारकुनाला बोलू नका, चूक माझी आहे. आणि सगळं सांगितलं. मोठा बी, छोटा बी, वही, सगळं. दुसरा कोणी असता तर उठून कानाखाली दिली असती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तिकडे ते अजून आहेत?"

"आहेत. सोळा दिवसांपूर्वीचे."

"तिकडे कधी कळेल?"

मला वाटलं, रागाने विचारतायत. तर म्हणाल्या, "सुधारता सुधारता एका दुपारी अचानक गेले. मी नव्हते इथे. धुतलेले कपडे आणायला घरी गेले होते."

खाली येऊन मी बाईंसमोर उभा राहिलो. त्यांनी एवढंच विचारलं, अगदी हळू, "किती पटीने चुकलं?" म्हटलं, आठ. मागचं साचलेलंही भरून निघावं म्हणून सोमवारपासून चांगली चारशेची जाड लाईन मंजूर झाली. मग मावशींची ती दुपार तिकडे कधी पोचेल, याच्या हिशोबाला मी बसलो. जुनी लाईन सोमवारपर्यंत, नवी तिथून पुढे, आठने गुणून, तीनदा तपासून. या वेळी बी इंग्रजीत लिहिला. मावशींना फोन करून सांगितलं, मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास. त्यांनीही विचारलं, "नक्की?" मी नक्की म्हणालो नाही. म्हटलं, अंदाज आहे.

मंगळवारी तीन वाजताच आल्या. मशीनच्या खोलीत थंडी असते, मी माझा स्वेटर दिला, स्टूल दिलं, तिकडची स्क्रीन लावून दिली. बेड चौदा, तब्येत सुधारतेय. त्या एका ओळीपुढे तासभर हात मांडीवर ठेवून बसल्या. पिशवीत घडी केलेले कपडे होते, ते मला नंतर दिसले. मी आपला हिरव्या दिव्याकडे बघत होतो, दुसरीकडे कुठे बघणार? चार वाजून सात मिनिटांनी ओळ बदलली.

मावशींनी स्वेटरची घडी घातली, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बरोबर सांगितलंत."

वीस वर्षांच्या नोकरीत माझा अंदाज पहिल्यांदा इतका बरोबर आला, सात मिनिटं इकडे-तिकडे… आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा वाटलं, हाही आठ पटीने चुकला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं?