सातवा दगड

ढाक्याला सात देश एकत्र आले, असं पोलादपूर स्टँडवरचा रेडिओ सांगत होता. कापडे गावच्या गाडीची वाट बघता बघता नीलाबाईंना डुलकी लागली. शेजारी दोन म्हातारे बोलत होते.

"आपल्या सात वाड्यांनी झऱ्याला बांध घातलावता, तसंच की रं, हैबती."

"वाडीगणिक एकेक दगड."

अर्ध्या झोपेत नीलाबाईंना पाणी झुळझुळल्यासारखं वाटलं.

"मंग भांडलास नि तुज्या वाडीचा दगड उपटून नेलास."

"आमचाच व्हता, रावजी."

"बांध फुटला. पानी सगल्यांचंच गेलं."

"आमचं पन."

"आता हाय कुटं तो दगड?"

"दारात. सून दोन कोसांवरनं पानी आनते, हंडा त्याच्यावरच उतरवते."