अंपायरचा आखडलेला खांदा

हसा, हसा! तुमचा खांदा आखडला असता म्हणजे कळलं असतं! तुम्हाला सांगतो, रविवारच्या सामन्यांचा अंपायर मी, आणि माझा उजवा हात वरच जाईना! आता सिक्सरला दोन्ही हात वर करायचे की नाही? माझा डावाच गेला... बोट ताठ! झालं! सिक्सर मारणारा बिचारा स्वतःला आऊट समजून तंबूकडे निघाला! ही बोंबाबोंब! सेक्रेटरी म्हणाले, "फायनलपर्यंत हात बरा करा, नाहीतर बसा स्कोअर लिहीत!" सगळा जन्म मैदानात उभा राहिलेला माणूस मी, स्कोअर लिहू?

बायको म्हणाली, "कोपऱ्यावर फिजिओथेरपीवाल्या मॅडम आहेत, जा मुकाट्यानं." गेलो. मॅडमनी हात फिरवून पाहिला, व्यायाम ठरवले, म्हणाल्या, "आमचे असिस्टंट करून घेतील." पडदा सरकला... आणि समोर कोण? गेल्या मोसमात ज्याला मी शून्यावर पायचीत दिलं, तोच बॅट्समन! चेंडू लेग स्टंपच्या बाहेर होता म्हणे. असं त्याचं म्हणणं. बघणाऱ्यांचंही... जाऊ द्या!

"या काका, झोपा," म्हणाला. काय गोड हसला हो! आणि हात असा काही वर ढकलला, की मला आमचे आजोबा दिसले! ते वारलेत! मी ओरडलो, "सूड उगवतोस काय रे?" तर म्हणतो कसा, "काका, तपासायचं आणि ठरवायचं मॅडमनी. मी नुसतं करून घ्यायचं, आणि तुम्हाला कुठे दुखतं ते त्यांना सांगायचं." नुसतं! मनात म्हटलं, हा हात वर जाऊ दे बेट्या, मग दाखवतो!

तक्रार केली मी. "मॅडम, याला बदला, हा जीव घेतोय माझा!" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्हाला फार दुखतंय असं त्यानंच सांगितलं. म्हणून तर कालपासून व्यायाम हलका केलाय." हलका? हा हलका? घरी रडलो तर बायको त्याचीच बाजू घेते, "किती मन लावून करतो तो!" करू दे, करू दे... हात वर जाऊ दे, मग दाखवतो!

फायनल आली. ओपनिंगला कोण? हाच गडी! चेंडू पॅडवर आदळला, सगळे किंचाळले, "हाऊज दॅट!" चेंडू कुठे चालला होता? मला काय विचारता? मी चेंडू बघितलाच नाही, मी त्याचं तोंड बघत होतो! आणि दिला हात वर! उजवा! सरळ! म्हटलं, आता चडफड, आता आपट बॅट!

बॅट टाकलीच त्यानं... आणि धावत आला माझ्याकडे! डोळ्यांत पाणी! "काका! अहो, हात कानाला लागला! कालपर्यंत जात नव्हता! खाली आणू नका, कोपर सरळ, दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा... मॅडमना आत्ता फोन करतो!" आणि आऊट झालेला माणूस नाचत नाचत तंबूत गेला हो!

सूड गेला खड्ड्यात. पुढचा बॅट्समन येऊन उभा राहिला, बोलर खोळंबला, सगळं मैदान माझ्याकडे बघतंय... आणि मी आपला, बोट वर... सात... आठ... काय करणार, करून घेतो ना तो!