मिलिंदच्या हातची हवा

मी मूळची येरवड्याची. जेलच्या भिंतीमागं आमची वस्ती, बाप गवंड्याच्या हाताखाली, आई धुनंभांडी करायची, आन् शाळेत कुनी इचारलं कुठली गं तू, आन् मी येरवडा म्हनलं, की पोरी हसायच्या, कवा सुटलीस म्हनायच्या. मी म्हनायची, तुमच्या बापाच्या आधी सुटले. तोंडाची मी पहिल्यापास्नं अशीच हाय ताई, ते लिहायचं तर लिहा. आज्यानं नागपूरला जाऊन धम्म घेतला व्हता, त्यामुळं घरात बुद्धाची मूर्ती, आन् पोरींनी शिकायचं असा आज्याचा हट्ट, पन सातवीनंतर आई आजारी पडली आन् हट्ट तसाच ऱ्हायला.

लगीन झालं आन् बिबवेवाडीत आले. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय न्हाई, मालकच म्हनते. मालक सासवडकडचे, इथं रस्त्याच्या कडंला पंक्चर काढायचे. पत्र्याची टपरी, एक हातपंप, एक पानी भरलेलं घमेलं, बस्स. तवा समदा स्कूटरचा जमाना. मी डबा घेऊन जायची ती हळूहळू तिथंच बसायला लागले, ट्यूब घमेल्यात बुडवायची, बुडबुडा कुठनं येतो ते बघायचं, तिथं खडूनं फुली मारायची. मग टायर खोलायला बी शिकले. बाईमानूस टायर खोलतंय म्हनून येनारे-जानारे थांबून बघायचे. मी म्हनायची, बघायला तिकीट न्हाई, पन थांबलाच हायसा तर पंप मारा.

मालकांचं एक व्हतं, त्यांचा मीटरवर इस्वास नसायचा. मीटर लावायचे, कारन गिऱ्हाईकाला मीटर लागतो, पन स्वतःसाठी ते टायरवर अंगठा दाबायचे, मूठ मारायचे, आन् मग बोट तोंडात घालून थुंकी व्हॉल्ववर लावायचे, बुडबुडा आला तर गळतंय. समदे पंक्चरवाले करत्यात तसं. मोठ्या गाडीचे साहेब नाक मुरडायचे. मालक म्हनायचे, साहेब, थुंकी फुकट हाय, व्हॉल्व इकत घ्यावा लागंल.

मग बघता बघता रस्त्यावर गाड्याच गाड्या झाल्या. काय सांगू तुमाला, आधी आमच्या रस्त्याला सकाळी सायकली दिसायच्या, दूधवाल्यांच्या आन् कारखान्यावाल्यांच्या, आन् मग काय झालं कोन जाने, बँका घरी येऊन कर्ज द्यायला लागल्या, कंप्युटरवाली पोरं आली, तिशीच्या आत गाडी, बिनट्यूबचे टायर. घमेलं मागं सरलं. आमी कंप्रेसर घेतला, टायर उतरवायचं मशीन घेतलं, टपरीचं दुकान झालं. चांगले दिस व्हते ते. मी न्हाई म्हननार न्हाई.

मिलिंद आमचा एकुलता. डिप्लोमा केला, मोठ्या गाड्यांच्या एका वर्कशॉपात लागला, तिथं चाकांचंच काम करायचा, आन् मग म्हनला आई, मी दुसऱ्याच्या दुकानात चाकं कशाला फिरवू, आपलं हाय की. आला. येताना मोबाइलएवढं एक यंत्र घेऊन आला. त्याचं त्यालाच लई कौतुक. म्हनला, बाबा, आता नव्या गाड्यांच्या चाकात सेन्सर येतो. व्हॉल्वच्याच बुडाला, रिमच्या आत, आगपेटीएवढा डबा, त्यात बारकी बॅटरी. तो हवा मोजतो आन् गाडीला सांगतो, ड्रायव्हरसमोर काचेवर आकडा येतो, आन् हवा उतरली की पिवळा दिवा. दर सेन्सरला आपला आपला नंबर, आन् गाडी फक्त आपल्या चारच नंबरांचं ऐकते. चाकं बदलली, न्हाईतर पुढचं मागं टाकलं, की गाडीला नव्यानं शिकवावं लागतं, हे तुझं पुढचं डावं, हे मागचं उजवं. न्हाई शिकवलं तर गाडी जुन्याच चाकांची वाट बघत बसते आन् दिवा लावून ठेवते. त्याच्यासाठी ते यंत्र. मालक म्हनले, गाडीला बी शाळेत घालायचं का आता. पन ऐकत व्हते. मला दिसत व्हतं, कान देऊन ऐकत व्हते.

पहिलीच तसली गाडी आली आन् मालकांनी सवयीनं व्हॉल्वपाशीच टायर उचकटायचा लिव्हर घातला. आत काडकन आवाज झाला. सेन्सर मोडला. दुसऱ्या कुनाचं पोरगं असतं तर गिऱ्हाईकासमोर बापावर ओरडलं असतं. मिलिंद म्हनला, साहेब, सेन्सर आमच्याकडनं तुटला, आमी नवा बसवून देतो. बास. मग रिम हातात घेऊन बापाला म्हनला, बाबा, घड्याळ समजा, व्हॉल्व बाराला धरला तर लिव्हर बाराच्या आसपास न्यायचाच न्हाई, लांबनं सुरू करायचं. मालकांनी मान हलवली. त्यानंतर त्यांच्या हातनं एक बी सेन्सर मोडला न्हाई. त्या दिशी जेवताना मिलिंदच्या ताटात स्वतःच्या ताटातली बोंबलाची चटनी वाढली. असंच बोलायचे ते.

मग त्याचं लगीन झालं. सून सुजाता, दौंडची, बीकॉम झालेली, खराडीला एका कंप्युटर कंपनीत कंत्राटावर कामाला. दोघांनी मिळून एक जुनी गाडी घेतली, पांढरी, तिला मिलिंदनं चारी चाकांना सेन्सर बसवले. सुजाताला गाडी चालवायला त्यानंच शिकवलं, आन् ते यंत्र लावायला बी, रविवारी दोघं गाडीभोवती फिरत बसायचे, हसायचे. मी म्हनायची लोक बायकोला बागेत नेत्यात, तू चाकाभोवती फिरव.

पावसाळा संपत आला व्हता. समद्यांनी सुजाताच्या माहेरी जायचं ठरलं व्हतं. आदल्या दिशी त्यानं गाडी धुतली, चारी चाकांत हवा भरली, तेहतीस तेहतीस, आन् आत येऊन म्हनला आई, अंग मोडून आलंय. डेंगी झाला. पोरांना व्हतो की डेंगी, लोक बरं होऊन कामाला जात्यात. माझा न्हाई आला परत. लिहा ताई, तुमी थांबू नका, मी रडले तरी बोलते. मला आता रडता रडता बोलायची सवय झालीया.

गाडी तशीच घरासमोर उभी ऱ्हायली, दौंडला जायला तोंड करून. मालक दुकान उघडत व्हते, गिऱ्हाईकं करत व्हते, पन बोलनं बंद. एकच करायचे. सकाळी उठले की गाडीत बसायचे, गाडी चालू करायचे, थोडा येळ इंजिन चालू ठेवायचे आन् समोर बघत बसायचे. मला वाटलं बॅटरी उतरू नये म्हनून करत असतील. एक दिवस मी खिडकीतनं वाकून बघितलं तर काचेवर चार आकडे, तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस. मालक म्हनले, बघ, अजून जशीच्या तशी हाय. मी म्हनलं काय. म्हनले, त्यानं भरलेली हवा.

तवा मला कळलं ते रोज सकाळी कुनाला भेटायला जातात ते.

आता तुमी बघा, तीस वरसं मी टायर बघितले हायेत. गाडी कैक महिने उन्हातान्हात उभी, टायरला चिरा पडायला लागलेल्या, आन् मागचं डावं चाक तर पार बसलेलं, पोट जमिनीला टेकलेलं, कुनी बी आंधळ्यानं सांगावं. मी एकदाच बोलले, मालक, मागचं चाक बसलंय. तर मला म्हनले, तेहतीस दाखवतंय, तुझे डोळे तपासून घे. ज्या मानसानं जलमभर मीटरवर इस्वास ठेवला न्हाई तो मला आकडा दाखवत व्हता. आन् त्या चाकाला त्यांनी अंगठा लावला न्हाई. मूठ मारली न्हाई. मला समजलं, हात लावला तर कळंल, म्हनून लावत न्हाईत. तो आकडा बघून आले की दोन घास जेवायचे, मी ताट वाढायची.

सुजाताचं कंत्राट संपलं. तिची आई न्यायला आली, ती गेली न्हाई. इकडं तिकडं अर्ज केले, मग तिच्याच जुन्या कंपनीतल्या मैत्रिनी म्हनल्या, आमाला न्यायला-आनायला बाई ड्रायव्हर मिळाली तर हवीच हाय, तू गाडी काढ, आमी महिन्यावर बांधून घेतो. ती मालकांसमोर उभी ऱ्हायली. म्हनली, बाबा, मी माहेरी जाणार नाही, आणि तुमच्या जिवावर बसून पण खाणार नाही, मला गाडी द्या, टायर बदलून द्या. मालक म्हनले, गाडीला हात लावायचा न्हाई. ती म्हनली, का बाबा, ती माझी पण आहे ना. मालकांचा आवाज असा चढला की शेजारचे बाहेर आले. म्हनले, टायर बदलायचा म्हंजी हवा सोडायची, त्यात त्याची हवा हाय.

सुजाता तिथंच पायरीवर बसली. तिला हे ठाऊकच नव्हतं. मग म्हनली, बरं बाबा, हवा नाही सोडायची. नुसती गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन आणते, तुम्ही शेजारी बसा. एकाच जागी उभी राहून खराब होईल, त्यांना आवडलं नसतं. मालक बसले. मी मागं बसले. मला वाटत व्हतं थांबवावं, आन् वाटत व्हतं होऊन जाऊ दे एकदाचं.

गाडी हलली, चाकं कुरकुरली. दोन घरं बी पुढं गेलो नसू, आन् पिवळा दिवा लागला. आकडे बदलायला लागले. पुढचं उजवं सव्वीस झालं, मग दुसरं चोवीस, आन् मागच्या डाव्याचा आकडा आला अकरा. मालक बघत ऱ्हायले. सुजातानं गाडी बाजूला लावली. मालक म्हनले, मग मी रोज काय बघत व्हतो. ती म्हनली, बाबा, चाक फिरल्याशिवाय सेन्सर जागा होत नाही, झोपून राहतो, बॅटरी पुरावी म्हणून. आपली गाडी उभी असली की शेवटचा ऐकलेला आकडाच दाखवत बसते. त्यांनी सांगितलं होतं मला.

मालक म्हनले, मला बी सांगितलं व्हतं.

आन् मग ते रडले. पोराला पोचवून आलो तवा रडले नव्हते, ते त्या गाडीत रडले, समोरच्या काचेवर हात ठेवून. सुजातानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी मागनं काय करनार, मी बी रडले.

दोन दिवस दुकान बंद ठेवलं. मग सकाळी त्यांनीच जॅक लावला. मला वाटलं कुनाला तरी सांगतील, पन न्हाई, चारी चाकं स्वतः खोलली, दुकानात ओळीनं मांडली, आन् आमाला दोघींना हाक मारली. पहिल्या चाकाची हवा सोडताना सुजाताचा हात धरून व्हॉल्वसमोर नेला. दुसऱ्याला माझा. हवा अशी गार लागते ताई, सुटताना, कुठली बी हवा लागते, ते मला काय माहीत न्हाई व्हय. तरी मी हात काढला न्हाई. आवाज बंद झाला तरी काढला न्हाई. तिसऱ्याला त्यांनी स्वतःचा गाल लावला. चौथं ते बसलेलं, त्यात काय उरलंच नव्हतं जास्त, एवढासा सुस्कारा टाकला त्यानं आन् संपलं. मालक म्हनले, गेला.

मग टायर उतरवले, लिव्हर व्हॉल्वपासनं लांबनं घालून, सेन्सर शाबूत ठेवून. नवे टायर चढवले. पन बसवताना त्यांच्याकडनं मागचं-पुढचं बदललं, डोळ्यात पानी, काय दिसतंय. सुजातानं यंत्र काढलं. म्हनली असू द्या बाबा, शिकवू तिला. पुढच्या डाव्यापास्नं ती एकेका व्हॉल्वपाशी यंत्र धरत गेली, आन् चाक ओळखलं की गाडी हॉर्न वाजवायची. मालक तिच्या मागनं चालत व्हते. चारी चाकं झाली. दिवा इझला.

आता ती रोज जाते. मैत्रिनींना सोडते, आनते, मधल्या येळात दुसरी भाडी बी मारते. मालक आता बोलतात, कमी, पन बोलतात. दुकानात बसतात, मशीनवर आता मानूस ठेवलाय. सुजाताच्या गाडीची हवा मात्र तेच भरतात, दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाईत, अंगठा दाबतात, मूठ मारतात, मग तिला म्हनतात जा. पोरगी तरनी हाय, उद्या तिनं दुसरं घर केलं तर मी अडवनार न्हाई, मालकांना बी तसं सांगून ठेवलंय, गाडी घेऊन जा म्हनावं. आमची वयं झाली. आज तिच्या चाकांत मालकांच्या हातची हवा हाय. तिला मी एकच सांगितलंय, बाई, हे गेले ना, की दुसऱ्याच दिशी ती हवा सोडून दे आन् नवी भर.