बाबांनी आणलेला फरशीचा तुकडा

हसणार नसाल तरच सांगते. माझी शाळेतली मैत्रीण केतकी इटलीत असते ना, तिने तिथे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा फ्लॅट घेतला आणि इंटिरियरचं काम चक्क मला दिलं. म्हणजे मी कॉलेज रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये बसून इटलीतलं घर सजवणार! आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

परवा व्हिडिओ कॉल चालू होता. तिथला म्हातारा मिस्त्री चिकटवलेलं जुनं कार्पेट उचकटत होता आणि खालून निघाली ठिपक्याठिपक्यांची मोझॅकची फरशी! मी किंचाळलेच, "केतकी, फोडू नका हं ती! नुसती घासून पॉलिश करा. त्यावर मधाच्या रंगाचं लाकूड, पिवळसर दिवे... अगं, अशी ऊब नव्या टाइल्सना येतच नाही!"

माझ्या मागे बाबा पेपर वाचत बसले होते. ते गुपचूप उठले, बाल्कनीत गेले, तुळशीच्या कुंडीखालचा फरशीचा तुकडा काढून आणला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. सेम टू सेम ठिपके! मिस्त्री तिकडे आनंदाने ओरडायलाच लागला.

केतकी म्हणाली, "काका, हे मिस्त्री विचारतायत, इतकी सुंदर फरशी तुम्हाला मिळाली कुठे?"

बाबा शांतपणे म्हणाले, "त्यांना सांग, आमच्या याच हॉलमध्ये होती. दिवाळीच्या आधी तुझ्या या मैत्रिणीने सगळी फोडून टाकली. हिला इटालियन लूक हवा होता."