तापाची चिठ्ठी

मोठे साहेब, तुमच्या फाटकावरची पाटी खोटं बोलते. काल तिच्यावर होतं, 'अपघाताविना दोनशे बारा दिवस'. काल संध्याकाळीच बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी नर्स बहिणी उभ्या होत्या. धाकटी तुमच्या कारखान्यातली, थोरली सरकारी इस्पितळातली.

"ताई, आज अंगात त्राणच नाही बघ."

"तुला गं काय धाड भरली? एक खोली, एक खाट. माझ्याकडे चाळीस खाटा आणि साठ पेशंट."

"खाट एकच, पण उरावर मॅनेजर बसलेला असतो."

"तुमच्याकडचा एकजण आला आज. हाताला ही एवढी पट्टी, आणि चिठ्ठीवर 'ताप'! कुठल्या शहाणीनं लिहिली?"

"मीच."

"तू?"

"अपघात लिहिलास तर उद्यापासून येऊ नकोस, मॅनेजर म्हणाला. तुटलेलं बोट मी बर्फावर ठेवून डब्यात दिलं होतं, ताई."

"डबा मांडीवर घेऊन तापाच्या रांगेत तीन तास बसला होता तो."

"बोलला का नाही?"

"त्यालाही नोकरी आहेच की."

"बोट बसलं का गं?"

"बर्फाचं पाणी झालं होतं."

"म्हणजे गेलंच."

"चल, बस आली."

"तू हो पुढे. रजिस्टर माझ्याच टेबलावर आहे अजून. 'ताप' खोडून येते."

आज सकाळी मी मुद्दाम तुमच्या फाटकावरून गेलो. पाटीवर दोनशे तेरा आहे, आणि फाटकालगतच्या नर्सच्या खोलीला कुलूप. ती कुठे आहे, साहेब?