मायच्या वालाचं बी

मी पारशिवनीकडची, ताई. लग्न होऊन नागपुरात आली, नंदनवन वस्तीत राहतो आम्ही, अन् कामाले बुटीबोरीले जाते, भाजीपाला वाळवाच्या कंपनीत. काय सांगू तुम्हाले, कांदा, लसूण, मेथी, सारं ट्रेवर पसरवाचं, गरम हवेच्या मशीनीत लोटाचं, बाहेर निघते तं खडखड वाजते, मुठीत दाबलं का भुगा. आपले हातबी तसेच होते, ओठ फुटते, तेल लावून लावून थकली मी. पण तोच कांदा गरम पाण्यात टाका, पाच मिंटात फुगून येते. मले तं गर्वच होता, का वाळवाचं काम आपल्याले येते म्हणून.

माही माय शिकली नवती. तिच्या कुंपणावर वालाचा वेल राहे, जांभळ्या काठाच्या शेंगा, ती भाजी, ताई, ती भाजी मले अजून कुठंच भेटली नाई. बी ती सावलीत वाळवे, राखेत घोळून मडक्यात ठेवे. मी म्हणो, काहून वं माय, उन्हात टाक ना, लवकर होते. तं म्हणे, बाई, त्यात जीव हाये. मी हासो तिले.

मागच्या उन्हाळ्यात तिनं मले मूठभर बी देलं, म्हणे यंदा माह्याच्यानं होत नाई, तू लाव. अन् पाऊस लागाच्या आंधीच गेली. मग माह्याच्यानं लावणंच झालं नाई, वाटे, लावलं तं सरून जाईन. घरात ओल आली तशी मी भेली, बुरशी लागन, किडे लागन, मायची एवढीच वस्तू. कंपनीत नेलं, आमच्या सुपरवायझर मॅडमले विचारलं, कांद्यासंग ट्रेवर ठेवलं. काय कडक झालं! बरणीत भरून देवाजवळ ठेवलं.

यंदा सारंच लावलं. एक दाणा नाई उगवला. रोज सकाळी पाहो, शेवटी माती उकरली, तं दाणे पाण्यानं फुगले अन् सडले. भावाले फोन केला, वेलाचं काही हाये का गा? तो म्हणे, मायच्या मागं कोणी लावलाच नाई, आता तारेचं कुंपण हाये. गावात घरोघरी विचारून आली, कोणाकडंच नाई.

माह्याच हातानं झालं, ताई. लय याद येते मायची. ट्रे लोटता लोटता डोळे भरून येते, मंग पदरानं पुसते अन् कामाले लागते, काय कराचं.

तुमची माय हाये ना? मंग भेटून या. अन् तिनं बी देलं तं सांभाळत नका बसू, घरी येताच पेरून टाका. तुमच्या दारी वेल चढो, ताई, शेंगा तोडता तोडता हात थको तुमचे.